वाघिणीची बिल्टी की मालाची? कुर्डुवाडीच्या मॉडेल रेल्वे लेआउटसाठी सॉफ्टवेअर लिहितोय, शेडपाशी अडलोय

नॅरोगेज_७६२ :

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी झालीये, पण तुकड्यातुकड्यात लिहिली तर अडचण नीट कळणार नाही म्हणून एकदाच सगळं टाकतो.

माझा लेआउट (छोट्या मॉडेल गाड्यांचा देखावा) म्हणजे १९६० च्या सुमाराचं कुर्डुवाडी स्टेशन. एका भिंतीला लागून ११ फूट लांब, अडीच फूट रुंद. ब्रॉडगेज एचओ स्केलच्या (खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीअंश) १६.५ मिमी रुळांवर आहे (खऱ्या रुंदीला, १६७६ मिमीला, ८७ नं भागलं तर १९ मिमीच्या वर जातं, पण बाजारात तयार मिळतात ते रूळ १६.५ चेच, त्यामुळे ती तडजोड केली) आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज ९ मिमीवर. ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३, आणि बार्शी लाइट अडीच फुटी म्हणजे ७६२, इतकं जवळ जमतंय हे कळल्यावरच हा विषय पक्का केला. मधोमध ट्रान्सशिपमेंट शेड (एका गेजच्या डब्यातला माल दुसऱ्या गेजच्या डब्यात भरायची जागा), तिच्या एका अंगाला ब्रॉडगेजची सायडिंग (बाजूचा रूळ), दुसऱ्या अंगाला नॅरोगेजची, मधे फलाट. नॅरोगेज एकीकडे बार्शी-लातूरला जाते आणि दुसरीकडे पंढरपूर-मिरजेला, दोन्ही टोकं पडद्यामागच्या छोट्या यार्डात संपतात.

पहिली दीड वर्षं नुसत्या गाड्या पुढेमागे केल्या, बघायला छान वाटायचं पण अर्ध्या तासात मन भरायचं. मग रविवारी तीन मित्र यायला लागले आणि प्रत्येकाच्या हाताला काम हवं असं झालं, म्हणजे ही वाघीण (मालगाडीचा डबा) इथून काढ, तिकडे लाव, बार्शीची गाडी जोडून वेळेत सोड असं. म्हणून आधी जेएमआरआय या मॉडेल रेल्वेच्या सॉफ्टवेअरमधलं ऑपरेशन्सप्रो लावून बघितलं. फुकट आहे, फार मन लावून केलेलं काम आहे, स्टेशनं, सायडिंगं, वाघिणी, गाड्या सगळं एकदा भरलं की बिल्ड करायचं आणि कुठली वाघीण कुठे उचलायची कुठे सोडायची याचा कागद छापून मिळतो. पण माझ्या शेडपाशी ते जुळेना म्हणून मी पायथॉन आणि एसक्यूलाइट डेटाबेस घेऊन स्वतःचं लिहायला बसलो, आणि दोन महिन्यांनी मीही बरोब्बर त्याच जागी अडलोय.

माझ्या वाघिणींच्या टेबलात नंबर, गेज, किती टन मावतात, आत्ता कुठे उभी आहे आणि शेवटी ‘सध्याची बिल्टी’ (कुठला माल कुठे न्यायचा त्याचा कागद) असे कॉलम आहेत. एका वाघिणीला एक बिल्टी. मागच्या रविवारी ब्रॉडगेजचं शंटिंग (इंजिनानं डबे काढून जागेवर लावणं) करणारा मित्र एक बंद वाघीण घेऊन शेडपर्यंत आला आणि तिथेच थांबला, एका हातात कंट्रोलर, दुसऱ्या हातात कागद, कागदावर ‘सिमेंट, २० टन, पुढे बार्शी’. मला म्हणाला, अरे ही बार्शीला जाणार कशी? प्रोग्रॅमच्या हिशेबानं काहीच चुकलं नव्हतं, वाघिणीची बिल्टी बार्शीची होती. पण रुळाची रुंदी तिथे संपते.

मग मी तात्पुरती मलमपट्टी केली, शेडला दोन गिऱ्हाईकं समजलो. ब्रॉडगेजच्या बाजूचं गिऱ्हाईक माल घेतं आणि नॅरोगेजच्या बाजूचं नवीन माल पाठवतं. चार रविवार तसं चालवलं आणि मग जुने कागद काढून हातानं बेरीज केली, तर शेडमध्ये सिमेंट ८० टन आलं आणि बाहेर पडलं २८ टन. आणि पंढरपूरकडे ४२ टन मीठ गेलं जे ब्रॉडगेजनं कधी आलंच नव्हतं. हे मला अजिबात सोडवत नाहीये, कारण कुर्डुवाडी करण्यामागचं कारणच ती शेड आहे, हमालांनी एका वाघिणीतून पोती काढून दुसरीत भरायची, हेच तिथलं काम.

तर विचारायचं ते असं की टेबलं कशी मांडू? शिवाय एवढ्याशा जागेत किती वाघिणी ठेवाव्यात? आणि काम कागदावर द्यावं की फोनवर दाखवावं? तिन्हीवर अनुभव असेल तर सांगा.

ओहायोतला_मिरजकर :

वा, कुर्डुवाडी! लहानपणी मिरज स्टेशनात नॅरोगेजची गाडी लागलेली बघायला मुद्दाम जायचो, त्यामुळे तुमची पोस्ट दोनदा वाचली.

मी इथे एका क्लबात दर महिन्याला ऑपरेशनला (लेआउट खऱ्या रेल्वेसारखा चालवायच्या खेळाला) जातो आणि तुमची अडचण वाचताना लक्षात आलं की हा दोष तुमच्या कोडचा नाहीये, ज्या पद्धतीवर ही सगळी सॉफ्टवेअरं उभी आहेत तिच्यातच हे गृहीत धरलंय. डग स्मिथ यांनी १९६१ मध्ये मॉडेल रेलरोडर मासिकात कार्ड आणि वेबिलची (म्हणजे बिल्टीची) पद्धत मांडली. प्रत्येक डब्याचं एक कार्ड, कार्डाला खिसा, खिशात वेबिलचा तुकडा. पुढे रूढ झालेल्या रूपात त्या तुकड्याच्या चार बाजूंना चार मुक्काम लिहिलेले असतात, एक खेळ संपला की तुकडा फिरवून परत खिशात टाकायचा, डबा पुढच्या मुक्कामाला निघाला. आजही आमच्या क्लबात हेच चालतं आणि अतिशय छान चालतं. पण ही पद्धत अमेरिकेतली आहे, आणि इथे १८८६ मध्ये दक्षिणेकडच्या रेल्वेंनी आपलं गेज बदलून घेतल्यानंतर डबा न उघडता देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला लागला. म्हणजे डबा कळला की माल कळला. त्यामुळे माल आणि डबा वेगळे धरायची गरजच कुणाला पडली नाही.

इथेही नॅरोगेज होत्या, पेनसिल्व्हेनियात ईस्ट ब्रॉड टॉप म्हणून तीन फुटी लाइन आहे, तिच्या माउंट युनियन यार्डात मोठ्या गेजचा डबा उचलून त्याच्याखाली नॅरोगेजच्या बोगी (चाकांचे सांगाडे) सरकवायचे. म्हणजे बघा, तिथेसुद्धा डबा तोच राहिला, फक्त चाकं बदलली, वेबिलच्या पद्धतीला धक्का लागला नाही. तुमच्याकडे मालच डबा बदलतो.

ऑपरेशन्सप्रोमध्ये सायडिंगला शेड्यूल लावून अमुक माल आला की तमुक माल बाहेर असं करता येतं, मला वाटतं तुम्ही ते बघितलं असेल, पण त्यात आलेल्या टनांचं गेलेल्या टनांशी नातं राहत नाही. तेव्हा बिल्टी वाघिणीपासून सोडवून घ्या एवढं नक्की सांगतो. नेमकी कशी ते इथे डेटाबेसवाले कुणी असतील ते जास्त चांगलं सांगतील.

गुड्सशेडची_लेक :

डेटाबेस माझं रोजचं काम आहे आणि माझे वडील दक्षिण महाराष्ट्रातल्या एका स्टेशनावर गुड्स क्लार्क होते, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर द्यायला मला खूप आनंद होतोय.

दादा, रेल्वेनं हे तुमच्या आधी सोडवून ठेवलंय. तिथे एक नाही, दोन कागद असायचे. पहिला रेल्वे रिसीट, आरआर. तो मालाचा. कुठून, कुठे, किती पोती, किती वजन, पाठवणारा कोण. व्यापारी ती पावती समोरच्याला टपालानं किंवा बँकेमार्फत पाठवायचा आणि ती दाखवली की माल मिळायचा. दुसरा कागद म्हणजे वाघिणीचं लेबल. पुठ्ठ्याचा तुकडा, वाघिणीच्या अंगावर क्लिप असते तिच्यात खोचायचा. वडील तो कॉपिंग पेन्सिलीनं लिहायचे, ओलं बोट लागलं की अक्षर जांभळं व्हायचं, त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर तो रंग कायम असायचा. लेबलावर फक्त या वाघिणीत आत्ता काय आहे आणि ही वाघीण कुठे जायचीये एवढंच. वाघीण रिकामी झाली की लेबलाचं काम संपलं. आरआर मात्र माल गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत जिवंत.

म्हणजे तुमची ‘सध्याची बिल्टी’ हे दोन कागद एकात कोंबलेले आहेत. वेगळे करा. तीन टेबलं होतील. एक ‘माल’, त्यात पाठवणारं स्टेशन, शेवटचं स्टेशन, जिन्नस, एकूण टन. दुसरं ‘वाघीण’, त्यात बिल्टीचा कॉलमच नको. तिसरं ‘लेबल’, त्यात वाघिणीचा नंबर, मालाचा नंबर, टन किती, कुठून कुठवर, कधी लावलं, कधी काढलं. तुमच्या सिमेंटचा माल एकच, २० टन, बार्शी. त्याचं पहिलं लेबल ब्रॉडगेजच्या वाघिणीवर, ‘कुर्डुवाडी शेडपर्यंत’. ते निघालं की २० टन शेडच्या फरशीवर. मग नॅरोगेजच्या वाघिणींवर नवीन लेबलं, ‘बार्शीपर्यंत’. आणि मित्राच्या हातातल्या कागदावर लेबलावरचं ठिकाण छापा, आरआरवरचं नाही, मग तो शेडपाशी अडकणार नाही.

शेडला गिऱ्हाईक समजू नका, ती एक जागा आहे, रुळांसारखीच, फक्त तिची क्षमता फुटांत नाही तर टनांत मोजायची.

आणि एक चाचणी पहिल्याच दिवशी लिहून टाका, प्रत्येक रविवारच्या शेवटी चालवा: दर मालासाठी पाठवणाऱ्याकडे शिल्लक, अधिक चालू लेबलांवरचे टन, अधिक शेडमधले टन, अधिक पोचलेले टन, ही बेरीज एकूण टनांएवढीच आली पाहिजे. नाही आली तर पुढचा खेळ सुरूच करू देऊ नका. तुमचं मीठ तिथल्या तिथे पकडलं गेलं असतं.

शंटिंगवाला :

टेबलांचं ताईंनी सांगितलंच, मी वाघिणींच्या संख्येबद्दल बोलतो, कारण सगळे तिथेच चुकतात, मीही चुकलो होतो. माझा एन स्केलचा (एचओहून लहान) ७ फुटी लेआउट आहे, रुळांवर ४० वाघिणी मावतात म्हणून ४० ठेवल्या, तर कुणालाच काही हलवता येईना, एक काढायला तीन बाजूला कराव्या लागायच्या आणि त्या ठेवायला जागा नाही. कमी करत करत २४ वर आलो तेव्हा खेळ सुरळीत चालायला लागला. तुम्हीही मावतात त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि एकेक वाढवत जा.

जागा कमी असली म्हणजे काम कमी असं मुळीच नाही. इंग्लंडमधलं अॅलन राइट यांचं इंगलनुक सायडिंग्ज हे शंटिंगचं कोडं बघा, तीन सायडिंगं, एकीत ५, दोघींत ३-३ वाघिणी मावतात, वाघिणी ८, त्यातल्या ५ सांगितलेल्या क्रमानं लावायच्या. ८ गुणिले ७ गुणिले ६ गुणिले ५ गुणिले ४, म्हणजे ६७२० वेगवेगळी कामं, तीही टेबलाच्या एका कोपऱ्यात.

यावरूनच एक कळकळीचं सांगणं आहे. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येतं म्हटल्यावर कधी ना कधी मोह होणार की शंटिंगच्या चालीसुद्धा प्रोग्रॅमनंच शोधाव्यात. मी ते केलंय, वाघिणींचा क्रम म्हणजे एक स्थिती, इंजिनाची एक हालचाल म्हणजे एक पायरी, आणि सगळ्यात कमी पायऱ्यांचा रस्ता शोधायचा, इंगलनुकएवढ्या लेआउटला लॅपटॉप ते चुटकीसरशी काढतो. कोड लिहायला फार मजा आली. पण मग रविवारी आलेली माणसं स्क्रीनवरच्या चाली वाचून नुसतं इंजिन पुढेमागे करायला लागली, कुणी कपाळाला आठ्या घालून रुळांकडे बघेना. महिन्याभरात ते काढून टाकलं. वाघीण कुठे पोचायला हवी ते प्रोग्रॅमनं सांगावं, कशी पोचवायची ते माणसानं ठरवावं.

त्यासाठी रुळावरचा क्रम मात्र साठवा, नुसतं ‘शेड सायडिंग’ लिहून भागत नाही, सांध्यापासून (जिथे रूळ फुटतो तिथून) कितवी ते हवं, नाहीतर कागदावर वाघिणी नंबरांच्या क्रमानं छापल्या जातात आणि माणूस समोरच्या रांगेत शोधत बसतो.

आणि कागदच द्या. एका हातात कंट्रोलर असतो, दुसऱ्या हातात पेन्सिल, झालेल्या कामावर रेघ मारायची. फोन दर मिनिटाला झोपतो.

रुळावर_नवीन :

मी या छंदात अगदी नवीन आहे, विषय थोडा सोडून विचारतो त्याबद्दल माफ करा. हे सॉफ्टवेअर गाड्या पण चालवणार का? म्हणजे डीसीसी वगैरे यातच येतं का? आणि एवढे महागडे कंट्रोलर न घेता सुरुवात करता येईल का?

ओहायोतला_मिरजकर :

@रुळावर_नवीन माफी कसली, विचारा की. ती दोन वेगळी कामं आहेत आणि वेगळीच ठेवलेली बरी. डीसीसी म्हणजे रुळांतून वीज आणि हुकूम एकत्र जातात, रुळांतली वीज सतत दिशा बदलत असते आणि प्रत्येक अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदाची असेल तर तो ‘एक’, साधारण १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ‘शून्य’. इंजिनातला डिकोडर ते वाचतो, आपला पत्ता असेल तर ऐकतो, नसेल तर सोडून देतो. नवीन डिकोडरचा पत्ता ३ असतो, तो आधी बदला, नाहीतर दोन इंजिनं एकाच वेळी पळतील.

सुरुवातीला अर्डुइनो मेगा आणि मोटर शील्ड हे छोटे सर्किट बोर्ड घ्या, त्यावर डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर टाका, तेही फुकट आणि खुलं आहे, बोर्डावर वायफायची सोय जोडलीत की फोनवरच्या अॅपमधून इंजिन चालतं. नॅरोगेज_७६२ यांचा प्रोग्रॅम मात्र रुळांशी बोलायलाच नको, तो फक्त कागदांचा कारभार. उद्या कमांड स्टेशन (रुळांना हुकूम पाठवणारं यंत्र) बदललं तरी बिल्टीचं कोड जसंच्या तसं राहील.

आणखी एक, हे काम तुम्ही गिटहबवर (कोड सगळ्यांसाठी ठेवायची साइट) टाकणार असाल (टाकाच) तर पहिल्या दिवसापासून लायसन्सची फाइल ठेवा. छंदातल्या कोडला कोण विचारतं असं वाटतं, पण जेएमआरआयचाच इतिहास बघा. त्यांच्या डिकोडरच्या फाइली एका व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये मूळ लेखकांची नावं न देता वापरल्या गेल्या, जेएमआरआय सुरू करणारे बॉब जेकबसन कोर्टात गेले आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टानं सांगितलं की खुल्या लायसन्सच्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. खुलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सगळ्यांच्या पाठीशी हा निकाल उभा आहे, आणि तो खेळण्यातल्या आगगाड्यांच्या प्रोग्रॅमवरून लागलाय याचा मला फार अभिमान वाटतो.

नॅरोगेज_७६२ :

तीन रविवार झाले, मुद्दाम वापरून बघून मगच लिहितोय.

ताई, तुमची तीन टेबलं जशीच्या तशी केली. ‘सध्याची बिल्टी’ कॉलम काढल्यावर अर्धं कोड मोडलं, दोन रात्री गेल्या, पण जे परत लिहिलं ते आधीच्यापेक्षा कितीतरी लहान झालं. ब्रॉडगेजची वाघीण २० टन आणि नॅरोगेजची १४ टन धरलीये, बार्शी लाइट बांधताना इंजिनिअर कॅल्थ्रॉपनं एका अॅक्सलवर ५ टनच वजन धरलं होतं, चार अॅक्सलची बोगी वाघीण म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनासकट २०, त्यातून वाघिणीचं वजन काढलं की एवढंच उरतं. शेड ६० टनांची, आणि हमालांना दर तासाला १० टन असा वेग दिलाय, तो तास लेआउटच्या घड्याळाचा, घड्याळ ४ पट पळतं. आधी ६ पट ठेवलं होतं पण शंटिंगला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, सगळ्या गाड्या लेट व्हायला लागल्या.

शेड भरली की मजा येते. नॅरोगेजच्या रिकाम्या वाघिणी लातूरहून वेळेत परत आल्या नाहीत की फरशीवर जागा उरत नाही, ब्रॉडगेजच्या वाघिणी सायडिंगवर तशाच भरलेल्या उभ्या राहतात, आणि मग ब्रॉडगेजवाला मित्र पडद्याकडे बघत विचारतो बार्शीची गाडी कुठवर आली. आधी हे दोघं एकमेकांशी बोलायचेच नाहीत, आपापल्या रुळांवर खेळायचे.

बेरजेची चाचणी पहिल्या दोन रविवारी जुळली. तिसऱ्या रविवारीही जुळली, पण शेड काही रिकामी होईना, आणि आत बघितलं तर सिमेंटचे सहा-सहा टनांचे चार ढीग. २० टन आले, १४ टनांची एक वाघीण भरून गेली, उरले ६, आणि माझा नियम असा की निम्म्याहून कमी मालाला वाघीण द्यायची नाही. म्हणजे ते ६ टन जन्मभर तिथेच. नियम काढून टाकला तर सहा टनांसाठी अख्खी वाघीण जाते, नॅरोगेजवर वाघिणी पुरत नाहीत. हे कसं करायचे त्या काळी?

गुड्सशेडची_लेक :

सुट्टा माल! वडील त्याला स्मॉल्स म्हणायचे. वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचा थोडाथोडा माल एकाच दिशेचा असेल तर एकाच वाघिणीत. तुमचं लेबलाचं टेबल हे आत्ताच करू शकतं, एका वाघिणीवर एका वेळी दोन चालू लेबलं असू नयेत असा नियम तुम्ही वेगळा घातला नसेल तर. ६ आणि ६ बारा, एक वाघीण, दोन लेबलं.

शंटिंगवाला :

आणि ते बारा टन वेगवेगळ्या स्टेशनांचे असतील तर वाघीण पहिल्या स्टेशनावर थांबवून अर्धी रिकामी करून पुढे न्यावी लागेल, म्हणजे बार्शी-लातूर गाडीच्या गार्डाला पण काम मिळेल. बघा जमतंय का.

नॅरोगेज_७६२ :

घातला होता नियम, चालू लेबलांत एका वाघिणीचा नंबर दुसऱ्यांदा येऊच नये असं युनिक लावलं होतं! एक ओळ काढली आणि चारही ढीग दोन वाघिणींत निघून गेले, आत्ताच चालवून बघितलं, फरशी रिकामी, बेरीज जुळली.

वाटेतल्या स्टेशनाचं पुढच्या आठवड्यात करतो. त्यानंतर आषाढीचं वेळापत्रक घालायचंय, पंढरपूरच्या बाजूला वारीच्या जादा गाड्या सोडायच्या आणि त्या दिवसांत मालगाड्यांना लाइन फक्त रात्री द्यायची, शेड तेव्हा किती तुंबते ते मला बघायचंय. कोड साफ करून गिटहबवर टाकतो, लायसन्सच्या फाइलीसकट. ताई, लेबलाच्या छापील नमुन्यात ‘कुठून’ वर आणि ‘कुठे’ खाली होतं की शेजारी शेजारी? वडिलांच्या कागदांत एखादं जुनं लेबल असेल तर फोटो टाकाल का, कागद तसाच छापायचाय.